न संपलेल्या कादंबरीचा वाचक : नुसती वाट पाहणं की वाचायची वेगळी रीत?

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या फँटसी कादंबरीमालेचा पहिला खंड १९९६ साली आला. पाचवा आला २०११ मध्ये. सहावा, ‘द विंड्स ऑफ विंटर’, अजून आलेला नाही आणि त्यानंतर सातवाही ठरलेला आहे. मुळात हे सगळं तीन खंडांत आटपायचं होतं! तरीही वाचक ही पुस्तकं सोडत नाहीत. पुन्हा पुन्हा वाचतात, ओळीओळीवर वाद घालतात, लेखकावर चिडतात आणि परत वाचायला बसतात.

वाचक-प्रतिसाद या क्षेत्रात संशोधन करू पाहणाऱ्यांना हा विषय हमखास खुणावतो. पण प्रश्न बहुतेक वेळा असा लिहिला जातो : ‘वाचक इतकी वर्षं वाट का पाहतात?’ माझ्या मते प्रश्नाची मांडणी इथेच घसरते. ‘वाट पाहणं’ म्हटलं की सगळं लक्ष न आलेल्या पुस्तकाकडे जातं. अभ्यास करायचा तो आलेल्या पाच खंडांचा आणि ते वाचण्याच्या रीतीचा. माझा मुद्दा एवढाच आहे की अपूर्णतेमुळे वाचनाची एक वेगळी रीत तयार होते आणि वाचकांचा जीव पुढच्या पुस्तकाइतकाच या रीतीतही अडकलेला असतो.

शेवट काय काम करतो?

फ्रँक कर्मोड यांचं ‘द सेन्स ऑफ अ‍ॅन एंडिंग’ (१९६७) आणि पीटर ब्रुक्स यांचं ‘रीडिंग फॉर द प्लॉट’ (१९८४) ही दोन पुस्तकं इथे उपयोगी पडतात. थोडक्यात सांगायचं तर कथेचा शेवट मागच्या सगळ्याला अर्थ लावून देतो. कुठला तपशील महत्त्वाचा होता आणि कुठला नुसता भरीचा, हे शेवटावरून ठरतं. म्हणजे शेवट हा एक प्रकारचा न्यायाधीश.

आता न्यायाधीशच आला नाही तर? मग सगळेच तपशील साक्षीदार म्हणून उभे राहतात, कुणालाच घरी पाठवता येत नाही.

याचं उत्तम उदाहरण दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडात आहे. दुसऱ्या खंडात लढाईच्या रात्री सँडॉर क्लिगेन सान्साच्या खोलीत येतो. तो तिचं चुंबन घेत नाही. प्रसंग तपासून पाहा. पण तिसऱ्या खंडात सान्साला त्याने चुंबन घेतल्याचं ‘आठवतं’. ही लेखकाची चूक की पात्राच्या स्मृतीचा खेळ? वाचकांनी या न घडलेल्या चुंबनाला ‘अनकिस’ असं नावच देऊन टाकलं. ही विसंगती हेतुपुरस्सर आहे असं मार्टिन यांनी सांगितलं आहे. पण आपल्या पुस्तकांत घोडीचा घोडा होतो, पात्रांच्या डोळ्यांचे रंग बदलतात, अशा खऱ्या चुकाही आहेत, हेही त्यांनीच मान्य केलं आहे. आता झाली ना पंचाईत! पुढच्या वेळी विसंगती दिसली तर ती खूण मानायची की चूक?

पूर्ण झालेल्या कादंबरीत याचं उत्तर निदान शोधता येतं. अपूर्ण कादंबरीत दोन्ही शक्यता जिवंत राहतात, आणि वाचकाला धरून ठेवतं ते हेच जिवंत राहणं.

रिकाम्या जागा : लेखकाने ठेवलेल्या आणि काळाने पाडलेल्या

वोल्फगांग इझर यांची ‘रिकाम्या जागां’ची कल्पना तुम्ही अभ्यासक्रमात वाचली असेल. संहितेत काही गोष्टी सांगितलेल्या नसतात, त्या वाचक भरतो आणि तिथेच अर्थ घडतो. मार्टिन यांच्या रचनेत अशा जागा मुद्दाम ठेवलेल्या आहेत. बहुतेक प्रकरणांना एकेका पात्राचं नाव असतं आणि आपल्याला त्या पात्राला दिसतं तेवढंच कळतं. नेड स्टार्कच्या डोक्यात आपण थेट बसलेलो असतो, तरी जॉन स्नोच्या आईबद्दल तो पुरतं काही मनात आणत नाही. आठवणींचे तुकडे तेवढे मिळतात. त्या तुकड्यांवरून वाचकांनी जॉनच्या जन्माचा तर्क फार लवकर बांधला होता. टीव्ही मालिकेने त्याला दुजोरा दिला तो थेट २०१६ मध्ये.

पण दुसऱ्या प्रकारची रिकामी जागा काळाने पाडलेली आहे : दोन खंडांमधली वर्षं. चौथा खंड २००५ मध्ये आला, तेव्हा कथेचा निम्माच भाग त्यात होता. उरलेला पुढच्या वर्षी देण्याची आशा लेखकाने व्यक्त केली होती. प्रत्यक्षात सहा वर्षं गेली. या दोन जागांची गल्लत करू नका. पहिली रचनेचा भाग आहे, दुसरी प्रकाशनाच्या इतिहासाचा. त्यांचा एकमेकींवर होणारा परिणाम हा खरा संशोधनाचा विषय. वेळ मिळाला म्हणून वाचक पहिल्या प्रकारच्या जागा इतक्या बारकाईने उकरू शकले.

समीक्षेने इथे सावध राहावं

या वाचनपद्धतीची एक किंमत आहे, ती सांगायला हवी. सगळंच खूण ठरू लागलं की संहितेतलं वाईट लेखन दिसेनासं होतं. चौथ्या-पाचव्या खंडांत नवी पात्रं आणि नवे प्रवास उघडत जातात, मिटतात त्याहून कितीतरी जास्त. माझं मत विचाराल तर यातला काही पसारा निव्वळ पसाराच आहे. पण निष्ठावान वाचक म्हणतो, ‘थांबा, पुढे याचा अर्थ लागेल.’ आणि ‘पुढे’ येत नाही तोवर हा दावा खोटा पाडता येत नाही. समीक्षकाने मात्र हातात असलेल्या पानांवरच निवाडा करावा. न लिहिलेल्या पुस्तकाच्या नावावर उधारी चालत नाही.

टीव्ही मालिका २०१९ मध्ये संपली. तेव्हा एक शेवट मिळालाच होता. तरी अनेक वाचकांनी तो ‘पुस्तकांचा’ शेवट मानायला नकार दिला. त्यांना तो आवडला नाही हे कारण आहेच. पण आपली वाचायची रीत बंद पडू न देण्याची धडपडही त्यात दिसते.

तुलनेसाठी ‘द व्हील ऑफ टाइम’ घ्या. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये वारले, त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड लिहिले आणि २०१३ मध्ये चौदा खंडांची माला पूर्ण झाली. तिथे ‘पुढे काय होईल’ हा प्रश्नच मिटला. अपूर्णतेचा परिणाम वेगळा काढून पाहायचा असेल तर अशी जोडी हाताशी असावी.

तुम्ही यावर काम करणार असाल तर

१) पुस्तकाचे वाचक आणि टीव्हीचे प्रेक्षक एकाच टोपलीत टाकू नका. २००० सालचा प्रतिसाद आणि २०२० सालचा प्रतिसादही वेगळे ठेवा. प्रत्येक प्रतिक्रियेची तारीख हाच तुमचा महत्त्वाचा पुरावा.

२) वाचकांच्या रागाला ‘हावरटपणा’ म्हणून मोकळं होऊ नका. पुस्तक विकत घेतलं म्हणजे लेखक बांधील झाला असं नाही, हे खरंच. पण ‘पहिला खंड’ म्हणून विकलेली वस्तू एक वचन देते, हेही खरं. वादाच्या दोन्ही बाजू नोंदवा.

३) सगळ्यात महत्त्वाचं : जे बोलतात ते टिकून राहिलेले वाचक असतात. कंटाळून सोडून गेलेले गप्प असतात, ते तुमच्या सामग्रीत सापडतच नाहीत. मग ‘वाचकांचा ओढा कमी झाला नाही’ हा निष्कर्ष आधीच ठरल्यासारखा होतो. सोडून गेलेल्यांना शोधून त्यांच्या मुलाखती घेता आल्या तर तुमचं काम बऱ्याच उत्साही लेखांच्या पुढे जाईल.

सहावा खंड उद्या आला तरी हा विषय जुना होणार नाही. उलट तेव्हा एक दुर्मीळ संधी मिळेल. इतकी वर्षं खूण म्हणून जपलेले तपशील एकेक करून निकालात निघतील आणि वाचक ते कसं सोसतात, हे नोंदवता येईल. त्या दिवसाच्या आधीची नोंद ज्याच्याकडे असेल, त्यालाच ही तुलना करता येईल. म्हणून सुरुवात आत्ताच करा.