नऊ मिनिटांचा स्पंजबॉब

कार्टूननं पोरं बिघडतात म्हणणारे २०११चा एक अमेरिकन अभ्यास हमखास पुढे करतात. व्हर्जिनिया विद्यापीठानं चार वर्षांच्या ६० मुलांपैकी काहींना नऊ मिनिटं ‘स्पंजबॉब’ दाखवला, काहींना संथ ‘कायू’. बाकीची चित्रं काढत बसली. लगेच घेतलेल्या चाचण्यांत स्पंजबॉबवाली मागे पडली. त्यातलं दृश्य सरासरी ११ सेकंदांनी बदलायचं, कायूतलं ३४. पण ‘लगेच’ हा शब्द सगळे गिळतात. परिणाम किती टिकतो हे त्यात मोजलेलंच नाही.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. टीव्हीवरचा भाग निदान संपायचा. आता ऑटोप्ले. स्वतः कोड लिहितो म्हणून सांगतो, डीफॉल्ट कुणीतरी ठरवतं. आणि चार वर्षांच्या पोराला सेटिंग्ज वाचता येत नाहीत.