'सारासेन' : एका नावाचा पूर्वेतिहास

मध्ययुगीन पाश्चात्त्यांच्या इस्लामविषयक दृष्टीवरील आपल्या 1962 च्या ग्रंथात आर. डब्ल्यू. सदर्न यांनी सुमारे 700 ते 1100 या कालखंडास 'अज्ञानाचे युग' म्हटले आहे. ग्रंथाची योग्यता निर्विवाद आहे. तथापि भाषाभ्यासकास हे नामकरण अपुरे वाटते. त्या लेखकांपाशी माहिती थोडी होती, हे खरे. पण एक नाव होते, आणि त्या नावात तयार उत्तरही होते.

'सारासेन' हे नाव इस्लामहून जुने. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलात 'साराकेने' हा प्रदेश येतो. जेरोमने (मृत्यू 420) या नावाची सांगड बायबलशी घातली: हे लोक वस्तुतः दासी हागारेचे वंशज, सारेचे नाव त्यांनी खोटेपणाने धारण केले. ही व्युत्पत्ती शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. परंतु तिने नावालाच आरोपाचे रूप दिले. म्हणजे हिजरतीच्या (622) दोन शतके आधीच निवाडा झालेला होता. पुढे बीडने (मृत्यू 735) तोच स्वीकारला. बीडची ही बायबलनिष्ठ चौकट सदर्न स्वतः दाखवितात. मात्र तिच्यावरून निघणारा निष्कर्ष ते शीर्षकापर्यंत नेत नाहीत.

तो निष्कर्ष दमास्कसच्या जॉनकडे पाहता स्पष्ट होतो. उमय्यद राजवटीत वाढलेला हा आठव्या शतकातील लेखक मुसलमानांस जवळून ओळखत होता. तरीही 'सारेने रिकाम्या हाती घालविलेले' अशी ग्रीक फोड तो या नावाची देतो. ज्ञान आले, पण नाव ढळले नाही. याउलट 643 च्या एका ग्रीक पपायरसात 'मागारिताय' असा शब्द आहे. सिरियाक 'म्हग्राये' याच्याशी निगडित असून, दोहोंच्या मुळाशी अरबी 'मुहाजिरून' असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. येथे नाव त्या लोकांच्या स्वतःच्या तोंडून आले. अर्थात त्यातही हागारेचे नाव ऐकू येणे अशक्य नव्हते.

आपले विद्यार्थी 'सारासेन'चे भाषांतर सरसकट 'मुसलमान' असे करतात. जेरोमच्या बाबतीत हा उघड कालविपर्यास होय; इतरत्रही वंशवाचक नावाच्या जागी धर्मवाचक नाव येऊन मूळ लेखकाची दृष्टीच पुसली जाते. मूळच्या ग्रीकांचा वाचक असलेला 'यवन' शब्द जुन्या मराठीत मुसलमानांस लागला, हे जाणणाऱ्या वाचकास याचे मर्म सांगावयास नको. नाव हे नामधारकाविषयीचा पुरावा नसते. प्रथमतः ते नाव देणाऱ्याविषयीचा पुरावा असते.