बुबेनेच येथील जुनें मलजलगृह

ऐतिहासिक साधन म्हटलें म्हणजे ताम्रपट, शिलालेख, बखरी व दप्तरें एवढ्यांचीच आपणांस आठवण होते. शहराची घाण जेथें येऊन पडे तें गृह साधन म्हणून कोणी जपावें, ही कल्पना आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांस विचित्र वाटेल. तथापि चेक देशांतील प्राग शहरीं, बुबेनेच भागांत, असें एक गृह संग्रहालयरूपानें जपलेलें असून तें पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. जतनाचें काम निःसंशय उत्तम आहे. आक्षेप आहे तो त्यांतील महत्त्वाच्या क्रमाविषयीं.

हें गृह इ. स. १९०१ ते १९०६ या काळांत बांधलें गेलें. योजना विल्यम हीर्लाइन लिंडले या इंग्रज स्थापत्यविशारदाची. वॉर्सा येथील जलव्यवस्थेंतहि या पितापुत्रांचाच हात होता. १९०६ पासून १९६७ पर्यंत, म्हणजे ६१ वर्षें, प्रागचें मलजल येथें येत होतें. पुढें व्ल्तावा नदींतील बेटावर नवें केंद्र निघालें व जुन्याचें काम थांबलें. २०१० सालीं त्यास राष्ट्रीय सांस्कृतिक स्मारकाचा दर्जा मिळाला. वर विटांची इमारत व दोन उंच धुरांडीं, आंत वाफेचीं यंत्रें. हीं यंत्रें अद्याप चालूं शकतात व प्रसंगविशेषीं चालवूनहि दाखवितात.

आणि नेमकी येथेंच दिशाभूल होते. चाक फिरूं लागलें कीं प्रेक्षक त्याभोंवतीं जमतो व हेंच पाणी शुद्ध करीत असे, अशी समजूत घेऊन घरीं जातो. वस्तुतः यंत्राचें काम पंप चालवून तळाचा गाळ उपसण्याचें. मुख्य कार्य जमिनीखालीं, अंधारांत, अगदीं निमूटपणें चाले. जाळ्या मोठा कचरा अडवीत. पुढें वाळू खालीं बसे. नंतर दहा लांब टाक्यांत प्रवाह मंदावून बारीक मळ आपल्याच भारानें तळाशीं जाई. सुश्रुतसंहितेंत गढूळ पाण्यास कतक, म्हणजे आपली निवळी, सांगितली आहे. येथें तसलें कांहींहि द्रव्य लागत नसे. पाण्यास थोडी उसंत द्यावयाची, एवढाच उपाय.

म्हणून ‘शुद्धीकरण’ हा शब्दहि येथें जपून वापरावा. चेक नांव ‘चिस्तीर्ना’ याचा अर्थहि स्वच्छ करण्याचें स्थान असाच आहे. परंतु पाण्यांत विरघळलेला मळ बसवून निघत नाहीं; तो तसाच नदींत जाई. ‘निवळणें’ हा आपला साधा शब्द या क्रियेस अधिक खरा आहे. शुद्धि आणि निर्मलता यांतील भेद आपल्या शास्त्रकारांनीं कसोशीनें पाळला. स्थापत्याच्या इतिहासांत मात्र आपण सरसकट एकच शब्द ठेवून मोकळे होतों.

सोनेरी वेलबुट्टीचें पहिलें पान पाहून पोथीची किंमत ठरविणारे आणि शेवटचा लेखनकाल न वाचणारे संग्राहक आपल्यांतहि आहेत. बुबेनेचचें यंत्र हें तें पहिलें पान होय. यंत्र बंद करा असें माझें म्हणणें नाहीं. चालतें यंत्र राखण्यास जो खर्च व जी चिकाटी लागते तीपुढें आपलीं वाळवीनें खाल्लेलीं दप्तरें लाजिरवाणीं ठरतात. परंतु तेथें जाणाऱ्यानें आधीं भूमिगत टाक्या पाहाव्या, पाणी कोठें आलें, कोठें थांबलें व काय घेऊन नदीस मिळालें याचा माग लावावा, आणि मगच वर येऊन यंत्रापुढें उभें राहावें.