वेणी, जडे आणि जट : सणाच्या केशरचनेचे मराठी-कन्नड वाचन

बंगळूरच्या कोरमंगला भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या घरी सणांची दोन पंचांगे एकाच वेळी चालतात. चैत्र शुद्ध प्रतिपदेला त्यांचा पाडवा आणि शेजाऱ्यांचा उगादी एकाच सकाळी येतो. भाद्रपद शुद्ध तृतीयेला मात्र दिवस एक आणि सण दोन, असे होते. मराठी घरात हरतालिकेचा उपास असतो, तर कन्नड घरात त्याच दिवशी गौरी बसते. मराठी गौरी त्यानंतर, अनुराधा नक्षत्रावर येतात. श्रावणातल्या पौर्णिमेआधीच्या शुक्रवारी शेजारच्या दारावर वरमहालक्ष्मीचे तोरण लागते आणि मराठी गृहिणीला कुंकवाचे बोलावणे येते. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले निवाससंकुल असो की जवळपासच्या 'ब्लॉकां'तल्या इमारती, अशा बोलावण्यांची ये-जा तेथे सहज होते. शहाजीराजांच्या काळापासून या शहरात मराठी वस्ती आहे. आजच्या कोरमंगलातील मराठी माणसे बहुतांशी त्या जुन्या थरातली नाहीत, नोकरीसाठी अलीकडे आलेली आहेत. त्यामुळे शेजारणीचे नटणे त्यांना अजून वेगळे दिसते आणि ते वेगळेपण कशात आहे, हा प्रश्न पडू शकतो.

हा प्रश्न वेशभूषेच्या अभ्यासकांचा आहे, साहित्याचा नाही, असे सहसा मानले जाते. मराठी समीक्षेने केसांचा विषय वेगवेगळ्या खणांत ठेवला आहे. खोपा, अंबाडा, राखडी, नग-गोंडे हे लोकसंस्कृतीच्या खणात, विधवेचे केशवपन सुधारणेच्या इतिहासाच्या खणात आणि देवाच्या नावाने वाढलेली जट अंधश्रद्धेच्या खणात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, ही वाटणी सोयीची असली तरी चुकीची आहे. सणाच्या दिवशी बांधलेल्या केसांना अर्थ येतो तो कापलेल्या आणि विंचरू न दिलेल्या केसांमुळे. मराठी आणि कन्नड या दोन्ही परंपरा शेजारी ठेवल्या म्हणजे हे विशेष स्पष्ट होते.

आरंभ शब्दांपासून करू. मराठीत 'वेणी' हा शब्द दोन वस्तूंना लागतो. केसांचे पेड एकमेकांत गुंफून होते तीही वेणी आणि फुले ओवून अंबाड्यावर बसवतात तीही वेणी. पहिली आपण 'घालतो', दुसरी 'माळतो'. क्रियापद बदलते, नाम तेच राहते. परिणामी मराठीत वेणी बाजारात विकत मिळते, आणि या वाक्यात कोणालाही विसंगती जाणवत नाही. 'माळणे' हे क्रियापदही माळेकडून आलेले, म्हणजे फुलांच्या बाजूने पाहणारे. कन्नडमध्ये पाहण्याची दिशा उलटी आहे. 'मुडि' म्हणजे बांधलेला केशसंभार आणि 'मुडियु' म्हणजे फुले केसांत घालणे. तिथे क्रियापद केसांच्या पोटातून निघते. तीर्थक्षेत्री नवस फेडण्यासाठी केस अर्पण करणे यालाही 'मुडि' देणे असेच म्हणतात. फूल घालणे आणि केस देणे या परस्परविरुद्ध क्रिया एकाच शब्दाच्या आश्रयाला राहतात, याचे महत्त्व पुढे दिसेल.

मापांतही हाच फरक आहे. मराठी शहरात गजरा नगावर मिळतो. बंगळूरची फुलवाली 'मोळ' मोजते. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात. ती आपल्याच हातावर माळ मोजून तोडून देते. फूल शरीराच्या मापाने विकले जाते आणि घेणारी आपल्या केसांच्या मानाने एक मोळ, दोन मोळ मागते.

या दिशेचे टोक म्हणजे 'मोग्गिन जडे'. 'मोग्गु' म्हणजे कळी आणि 'जडे' म्हणजे केसांची वेणी. ('मोग्गु' आणि आपला 'मोगरा' यांच्या ध्वनिसाम्यावरून घाईने नाते जोडण्याचा मोह आवरलेला बरा.) मल्लिगेच्या न उमललेल्या कळ्या सुईदोऱ्याने ओळीने ओवून, मध्ये अबोलीचा किंवा जरीचा पट्टा देऊन, मानेपासून कमरेपर्यंत पूर्ण वेणी झाकून टाकायची. वर 'रागटे', खाली गोंडे. हा 'रागटे' म्हणजे आपल्या राखडीचाच भाऊबंद. कळ्या बांधताना मिटलेल्या हव्यात, कारण संध्याकाळपर्यंत त्या अंगावरच उमलायच्या असतात. हा शृंगार लग्नात आणि सीमंताच्या कार्यक्रमात विशेष दिसतो. 'सीमंत' या नावातच भांग आहे. सीमंतोन्नयन संस्कारात पतीने साळिंदराच्या काट्याने गर्भवती पत्नीचा भांग पाडायचा असतो. मराठीत त्या प्रसंगाचे लौकिक नाव 'डोहाळजेवण' झाले आणि भर अन्नावर गेला. फुलांची वाडी अंगभर पसरली, पण केस नावातून गेले. दक्षिणेत ते नावात राहिले. तिकडच्या जुन्या स्टुडिओतील छायाचित्रांत मुलीला आरशाजवळ बसवून पाठीमागची जडे आरशात दाखवण्याची पद्धत होती. जिचे चित्र काढायचे तिच्या चेहऱ्याइतकेच मोल तिच्या पाठीला देणारी ही रचना साहित्याच्या अभ्यासकाने जपून पाहावी अशी आहे. १९४२ मध्ये आलेल्या के. एस. नरसिंहस्वामी यांच्या दांपत्यप्रेमाच्या कवितासंग्रहाला 'मैसूर मल्लिगे' हे नाव मिळाले, तेव्हा वाचकाला ते फूल कोठे असते हे वेगळे सांगावे लागले नाही.

वरमहालक्ष्मीच्या पूजेत कलशावर देवीचा मुखवटा बसवतात, साडी नेसवतात, आणि पुष्कळ घरांत मागच्या बाजूला कृत्रिम केसांची जडेही सोडतात. ज्येष्ठा गौरीच्या मुखवट्यालाही गजरा किंवा वेणी वाहिली जाते. देवीला केस नाहीत. तिला केस दिले जातात. कन्नड घरात आधी केस आणि मग फूल येते, मराठी घरात बहुधा फुलावरच भागते. शब्दांत जो भेद दिसला तोच येथे हातांत उतरलेला आहे.

आता कापलेल्या केसांकडे वळू. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. त्याच वर्षी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हावी समाजाने विधवांचे केशवपन न करण्याचा निर्णय केला, ही घटना आपल्या वाङ्मयेतिहासात क्वचितच कादंबरीच्या शेजारी ठेवली जाते. वस्तराच हातात घेणार नाही, असे वस्तरा चालवणाऱ्यांनी म्हणणे ही त्या कादंबरीइतकीच मोठी टीका होती. कादंबरीची निवेदक यमू स्वतः आहे. आपले लाड, आपली हौस, नवऱ्याबरोबरचे दिवस ती सांगते आणि शेवटी सासरी तिच्यावर झालेल्या बळजबरीच्या केशवपनापर्यंत येते. या कादंबरीवर लिहिताना आपण शेवटच्या प्रसंगावर थांबतो. पण त्या प्रसंगाचा आघात ज्या साठ्यावर होतो तो आधीच्या प्रकरणांत, घरातल्या बायकांच्या नेहमीच्या नेसण्या-नटण्याच्या, वेणीफणीच्या जगात, साठत गेलेला असतो. ती वर्णने 'वास्तवदर्शी तपशील' म्हणून बाजूला सारली, तर शेवट केवळ करुण राहतो, त्याचे कारण हरवते.

कन्नडमध्ये यमूची नावबहीण भेटते. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या 'घटश्राद्ध' या कथेवर गिरीश कासरवळ्ळी यांनी १९७७ मध्ये केलेल्या आणि त्या वर्षीचे सुवर्णकमळ मिळवलेल्या चित्रपटात यमुनक्का ही वेदपाठशाळा चालवणाऱ्या उडुपांची विधवा मुलगी आहे. ती गर्भवती राहते, जिवंतपणी तिचे श्राद्ध घातले जाते आणि मुंडन केलेली यमुनक्का एकटी उरते. हे सारे आपण नाणी या लहान विद्यार्थ्याच्या नजरेतून पाहतो. यमू बोलते, यमुनक्का पाहिली जाते. आपट्यांना केस गेलेल्या स्त्रीचा आवाज ऐकवायचा होता, कासरवळ्ळींना ज्याला अजून काही कळत नाही अशा मुलाच्या डोळ्यांपुढे समाजाचे कृत्य ठेवायचे होते. यात कोणते श्रेष्ठ, हा प्रश्न निरर्थक आहे. पण यमूच्या बोलण्यामुळे मराठी वाचकाला एक सुटका मिळते असे मला वाटते: ती बोलते आहे, म्हणजे ती अजून आहे. यमुनक्काच्या बाबतीत ती सुटका नाही.

तिसरे नाव एम. के. इंदिरा यांच्या १९७६ च्या 'फणियम्मा' या कादंबरीचे. प्रेमा कारंत यांनी तिच्यावर १९८३ मध्ये चित्रपट केला. 'फणी' म्हटले की कन्नड कानाला नाग ऐकू येतो, मराठी कानाला कंगवा. बालविधवा होऊन केस गमावलेल्या स्त्रीचे हे नाव मराठी वाचकाला नकळत बोचते. या योगायोगावर काही उभारण्याचे कारण नाही. कारण असेल तर ते दाक्षायिणीच्या प्रसंगात आहे. ही तरुण विधवा केस काढू देण्यास नकार देते आणि आयुष्यभर सगळे नियम पाळलेली फणियम्मा तिच्या बाजूने उभी राहते. नियम मोडणारी आणि नियम पाळलेली या दोघींना एकत्र आणणारी वस्तू केस आहे. सुधारकांचा युक्तिवाद येथे अनुपस्थित आहे. अनुभव पुरेसा होतो.

विंचरू न दिलेल्या केसांची कथा सीमेवर घडते. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीची यल्लम्मा ही मराठी आणि कानडी मुलखांची सामाईक देवता आहे. मुलीच्या केसांत जट झाली म्हणजे देवीचे बोलावणे आले, असा समज. मग तिला देवीला सोडायचे, जट कापायची नाही, कंगवा लावायचा नाही. कर्नाटकात १९८२ च्या आणि महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने या प्रथेवर बंदी आली. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आजही जटा कापून देण्याचे काम करत आहेत. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या या मुलखातल्या आहेत. त्यांचा आधार घेऊन राजीव पाटील यांचा 'जोगवा' (२००९) आला. त्यातल्या सुलीची कहाणी केसांतल्या गुंत्यापासून सुरू होते, आणि तायप्पाला पुरुष असून लुगडे नेसावे लागते. जटेचे वैशिष्ट्य असे की, ती केसांचा अभाव नसते. केस भरपूर असतात. फक्त त्यांच्यावरचा हक्क दुसऱ्याचा असतो. विधवेचे केस घेतले जातात, जोगतिणीचे केस तिच्याच डोक्यावर देवीच्या नावे राखले जातात. दोघींनाही स्वतःचा भांग पाडता येत नाही. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) महार स्त्रियांना लुगड्याचा काठ निऱ्यांत दडवावा लागे हे नोंदवले आहे. तेव्हा नटण्याची परवानगी ही वैधव्याप्रमाणेच जातीनेही वाटलेली होती. सणाच्या शृंगाराची वर्णने 'मराठी स्त्री' अशा एकवचनात लिहिणाऱ्यांनी हे पुस्तक पुन्हा उघडावे.

तायप्पाचे लुगडे हा उपरा तपशील नव्हे. कोरमंगलापासून काही किलोमीटरवर, बंगळूरच्या जुन्या पेठेतल्या धर्मराय मंदिरातून चैत्र पौर्णिमेच्या रात्री करग निघतो. तिगळ समाजातला पुरुष साडी, बांगड्या, मंगळसूत्र घालून द्रौपदी होतो आणि मल्लिगेने मढवलेला करग डोक्यावर तोलत चालतो. जिने केस मोकळे सोडले त्या द्रौपदीच्या नावाने निघणाऱ्या उत्सवात सगळे फूल मस्तकावर एकवटावे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तिकडे मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) केसांत फुले कशी घालावीत, पदर कसा घ्यावा याचे वळण घालून दिले आणि घरंदाज स्त्रियांनी ते उचलले. मराठीत 'नटणे' आणि 'नट' एकाच मुळाचे आहेत. बायकांनी पुरुषाकडून नटणे शिकावे, याचे कौतुक आपण बरेच केले. ज्या काळात ते घडले त्या काळात कित्येक घरांत अलवण नेसलेली, केस काढलेली बाई माजघरात होती, ही गोष्ट त्या कौतुकात सहसा येत नाही.

शेवटी गिरीश कार्नाड यांच्या 'नागमंडल'कडे (१९८८) येतो. माथेरानात जन्मलेला, कोकणी मातृभाषेचा, कन्नडमध्ये लिहिणारा आणि बंगळूरमध्ये २०१९ मध्ये निवर्तलेला हा नाटककार या दोन्ही परंपरांचा जाणता होता. अप्पण्णा राणीला घरात कोंडून ठेवतो. रात्री त्याचे रूप घेऊन नाग येतो. नाटकाला एकाहून अधिक शेवट आहेत. एका शेवटात नाग राणीच्याच केसांच्या बटेचा फास करून मरतो आणि ती केस विंचरताना गळून पडतो. दुसऱ्यात तो जिवंत पडतो, आणि हे केस आपल्या सौभाग्याची खूण आहेत असे मानणारी राणी त्याला त्यातच राहू देते. आधीच्या सर्व कृतींत केसांवर हक्क सांगणारे बाहेरचे होते: सासर, जात, देवी. येथे सौभाग्याची तीच खूण, तोच बांधलेला केशसंभार, राणी स्वतःच्या कामाला लावते. दक्षिणेत जडेवर 'नागर' नावाचा सोन्याचा दागिना घालतात, हे कार्नाडांच्या प्रेक्षकाला माहीत होते. मराठी प्रेक्षकाला ते माहीत असण्याचे कारण नाही, म्हणून त्याला नाग हा केवळ प्रियकराचे प्रतीक वाटतो. कन्नड प्रेक्षक मात्र दागिन्याच्या जागी खराच नाग बसलेला पाहतो. अप्पण्णा तिच्या शेजारीच असतो आणि त्या केसांत काय आहे हे त्याला कळत नाही.