इंग्रजी मोडल सहायक क्रियापदांचे अर्थनिर्णयन : प्रचलित अध्यापनपद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना

'कॅन', 'कुड', 'मे', 'माइट', 'विल', 'वुड', 'शॅल', 'शुड' आणि 'मस्ट' ही इंग्रजीतील नऊ प्रमुख मोडल सहायक क्रियापदे होत. महाविद्यालयीन वर्गात ती बहुधा तक्त्याच्या रूपाने शिकविली जातात : 'कॅन' म्हणजे क्षमता, 'मे' म्हणजे परवानगी, 'मस्ट' म्हणजे सक्ती. हा तक्ता स्मरणास सुलभ असला तरी अर्थनिर्णयनास अपुरा आहे आणि काही ठिकाणी तो विपरीत अर्थाकडे नेतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

एक रूप, अनेक अर्थ

एफ. आर. पामर यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात या क्रियापदांच्या अर्थाचे तीन प्रकार मानले : वक्त्याचे अनुमान, बंधन वा अनुज्ञा, आणि कर्त्याचे सामर्थ्य वा इच्छा. 'ही मस्ट बी ॲट होम' या वाक्यातून बंधन आणि अनुमान असे दोन्ही अर्थ निघू शकतात. मराठीत मात्र पहिल्यासाठी 'त्याने घरी असले पाहिजे' आणि दुसऱ्यासाठी 'तो घरी असणार' अशी निराळी रचना सहज उपलब्ध आहे. म्हणजे हा भेद आपल्या विद्यार्थ्याला मातृभाषेतून अवगत असतोच. तक्ता त्याच्या या ज्ञानाचा उपयोगच करून घेत नाही.

नकाराचा प्रश्न

तक्त्याची खरी उणीव नकारार्थी वाक्यात उघड होते. 'मस्ट म्हणजे सक्ती' हे पाठ केलेला विद्यार्थी 'यू मस्ट नॉट अटेंड' याचा अर्थ 'उपस्थितीची सक्ती नाही' असा लावतो. वस्तुतः त्याचा अर्थ 'उपस्थित राहता कामा नये' असा आहे; सक्तीचा अभाव 'नीड नॉट' ने व्यक्त होतो. येथे 'नॉट' सक्तीला नाकारत नाही, तर क्रियेला नाकारते. अनुमानाच्या बाबतीत 'मस्ट'चा नकार सामान्यतः 'कान्ट'ने होतो. 'मे नॉट'चे अर्थही दोन : 'कदाचित करणार नाही' आणि 'करण्यास अनुमती नाही'. परीक्षेची सूचना वा सेवाशर्त वाचताना हा भेद न कळल्यास होणारे नुकसान केवळ गुणांचे नसते.

'शॅल'चा इतिहास आणि कायदा

'शॅल' व 'विल' यांची पुरुषानुसार विभागणी करणारा नियम जॉन वॉलिस यांच्या १६५३ च्या लॅटिन व्याकरणग्रंथापर्यंत मागे जातो. पुढे तो शालेय पुस्तकांत रूढ झाला. प्रत्यक्ष वापर मात्र बदलत गेला. जेफ्री लीच यांनी १९६१ आणि १९९१-९२ मधील लिखित इंग्रजीची तुलना करून 'शॅल', 'मस्ट' व 'मे' यांचा वापर घटल्याचे २००३ मध्ये दाखविले.

कायद्याच्या भाषेत 'शॅल' टिकून आहे. पण तेथेही त्याचा अर्थ यांत्रिक नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३२० (३) मध्ये लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबाबत 'शॅल' आहे. तरीही उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधन लाल श्रीवास्तव या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ही तरतूद अनिवार्य नसून निदेशात्मक असल्याचा निर्णय दिला. याच संदिग्धतेमुळे अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांच्या २००७ च्या पुनर्लेखनात 'शॅल' वगळून 'मस्ट'सारखी नेमकी रूपे योजली गेली.

निष्कर्ष

मोठे वर्ग आणि मर्यादित तासिका लक्षात घेता तक्ता सर्वस्वी टाकाऊ ठरत नाही. प्रारंभिक परिचयासाठी त्याचे मूल्य मान्य करावे लागेल. परंतु पदवी स्तरावर तेथेच थांबणे योग्य नव्हे. प्रत्येक वाक्याबाबत तीन प्रश्न विचारले जावेत : हे बंधन आहे की अनुमान? ते कोणाकडून येते? नकार नेमका कशाला लागू आहे? उत्तरांचा पडताळा मराठी पर्यायांनी घ्यावा. प्रश्नपत्रिकेतही रिकाम्या जागांऐवजी सूचना, नियम व कलमे यांचे अर्थ विचारले गेले, तरच या क्रियापदांचे अध्यापन विद्यार्थ्याच्या व्यवहारास उपकारक ठरेल.