तिफणीचं चाडं आणि मोल्सवर्थचा कोश

शब्दकोश म्हणजे अडलेला शब्द पाहायचा आणि मिटून ठेवायचा ग्रंथ, असं आपण धरून चालतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मात्र कुठलंही पान उघडावं आणि वाचत बसावं असा आहे. १८३१ साली मुंबईत त्याची पहिली आवृत्ती निघाली, १८५७ साली दुसरी. पहिलीत सुमारे ४०,००० शब्द होते, दुसरीत ते ६०,००० च्या घरात गेले. जेम्स मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. त्याच्या जोडीला जॉर्ज आणि थॉमस हे कँडी बंधू होते आणि शब्द वेचणारे, पारखणारे मराठी पंडित होते. लोक मोल्सवर्थला 'मोलेसरशास्त्री' म्हणू लागले. ही पदवी त्यानं कष्टानं मिळवली होती.

या कोशाची गोडी कशात आहे ते एका शब्दावरून सांगतो: चाडं. लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याच्या शिवारात ज्यानं तिफणीवरची पेरणी पाहिली आहे त्याला हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही. पेरणीच्या औतावर, म्हणजे तिफणीवर, लाकडाची वाटी असते, तिच्या बुडाला भोकं असतात; हेच चाडं. मुठीतलं बी त्या वाटीत सोडलं की नळ्यांतून उतरून फणामागच्या तासात पडतं. मूठ आवळली तर पेर विरळ होते, सैल सुटली तर दाट. कोशात तिफण आहे, पाभर आहे, चाडंही आहे. ज्या वाचकासाठी तो लिहिला त्यानं तिफण कधी पाहिली नव्हती. म्हणून वस्तू कशी आहे, कशाला लागते, हे सांगणं भाग पडलं. घरातल्या घरात जे कुणी कुणाला सांगत नाही, ते परक्यासाठी सांगावं लागलं आणि कायमचं नोंदलं गेलं. आज बरीच पेरणी ट्रॅक्टरवर होते. निलंग्यातल्याच शाळकरी पोराला चाडं म्हणजे काय ते कोशात पाहावं लागेल, आणि ते तिथं सापडेल.

मग 'पाणी' काढून पाहावं. प्यायच्या पाण्यापासून नोंद सुरू होते आणि रत्नाच्या तेजाकडे, तलवारीच्या धारेकडे, माणसाच्या कर्तबगारीकडे जाते. पाणी पाजणं, पाणी लागणं, पाण्यात पाहणं असे वाक्प्रचार एकामागून एक येत राहतात. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या वाचकाला ही नोंद वाचताना गहिवरून येतं. आपल्या माणसांनी अब्रू, हिंमत आणि वैरसुद्धा पाण्यानंच मोजलं.

कोशकारांचा कान तर थक्क करणारा आहे. खळखळ, सळसळ, खणखण असे आवाजावरून घडलेले शब्द त्यांनी किरकोळ म्हणून टाकून दिले नाहीत. संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्थानी असं शब्दाचं मूळही खुणेनं दाखवलं. पोथीतला शब्द आणि बांधावरचा शब्द एकाच पंक्तीला बसवले. माझ्या मते हेच या ग्रंथाचं सर्वांत मोठं काम आहे.

हा कोश घडत होता तेव्हा निलंगा निजामाच्या मुलखात होतं, आणि कोशाचं काम चाललं ते मुंबई इलाख्यात. त्यामुळे आपल्याकडचे सगळेच शब्द त्यात आले असतील असं नाही. आपली बोली कानडीच्या शेजारानं वाढली. 'येळवस'च घ्या. मार्गशीर्ष अमावस्येला आपण कडब्याची कोप करतो, भज्जी, उंडे आणि आंबील घेऊन रानात जेवतो. या नावाचं नातं कानडीतल्या 'एळ्ळु अमावस्ये'शी आहे. एळ्ळु म्हणजे तीळ. सीमेपलीकडचा तीळ आपल्या सणाच्या नावात असा रुजला आहे. असे शब्द नोंदायला बाहेरून कुणी येईल म्हणून थांबायचं कारण नाही.

शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा कोश आज कुणालाही फुकट पाहता येतो. तो उघडा, आपल्या रानातला एखादा शब्द शोधा. सापडला तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा. नाही सापडला तर त्यांच्याच तोंडून अर्थ ऐका आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा.