ग्रीक कलेतील पुनरुक्ती

प्राचीन ग्रीक कलेविषयी लिहिताना ‘शुभ्र’, ‘शांत’ आणि ‘उदात्त’ ही विशेषणे इतक्या अगत्याने योजली जातात, की ती कला घडविणाऱ्या माणसांचा घाम, त्यांचा हट्ट आणि त्यांचा जमाखर्च ही सारी त्या शुभ्रतेखाली झाकली जातात. ज्या विंकेलमानच्या १७६४ सालच्या ग्रंथाने ही दृष्टी युरोपात रूढ केली, त्याने ग्रीसच्या भूमीवर कधी पाऊल ठेवले नव्हते, आणि रोममध्ये ज्या मूर्तींवरून त्याने आपली मते बनविली त्यांपैकी पुष्कळ रोमन काळातील नकला होत्या. मूळच्या कांस्यमूर्ती बहुतेक वितळविल्या गेल्या. ज्या संगमरवरी होत्या त्या रंगविलेल्या असत. इराण्यांनी इ. स. पू. ४८० मध्ये अथेन्सच्या अक्रोपोलिसचा विध्वंस केल्यावर तेथेच पुरल्या गेलेल्या तरुणींच्या मूर्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उकरून काढल्या, तेव्हा त्यांच्या केसांवर व वस्त्रांच्या काठांवर तांबड्या-निळ्या रंगांचे अवशेष अद्याप टिकून होते.

मला या कलेचे सामर्थ्य तिच्या पुनरुक्तीत दिसते. ग्रीकांनी मंदिराचा एक साचा पसंत केला आणि शतकानुशतके तोच गिरविला. तो साचा मूळचा सुताराचा असावा, कारण दगडी तुळईखाली कोरलेल्या खुंट्यांना दगडाच्या बांधणीत काहीच काम नसते. ऑलिंपिया येथील हेरादेवीच्या मंदिरात लाकडी खांब जसजसे जीर्ण होत गेले तसतसे एकेक करून दगडी स्तंभ बसविले गेले, आणि पॉसेनियस हा प्रवासी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तेथे गेला तेव्हा ओकचा एक खांब अजून उभा होता. इ. स. पू. ५५० च्या सुमारास दक्षिण इटलीतील पेस्टम येथे उभारलेल्या मंदिराचे स्तंभ मध्ये इतके फुगीर आहेत की माथ्यावरचा भार त्यांना सोसवत नाही असे वाटावे; शंभर वर्षांनंतर अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरात हीच फुगवटी डोळ्याला कळू नये इतकी सूक्ष्म झाली.

इ. स. पू. ४४७ मध्ये इक्टिनस व कॅलिक्रटीझ यांनी आरंभिलेल्या या वास्तूत सरळ म्हणावी अशी रेषा क्वचितच सापडते. स्तंभ ज्यावर उभे आहेत तो चौथराच मध्यभागी उचललेला आहे, दर्शनी बाजूस सुमारे साडेसहा सेंटिमीटर आणि लांबीच्या बाजूस सुमारे अकरा. स्तंभ आतल्या अंगास किंचित कललेले आहेत आणि कोपऱ्यांतील स्तंभ इतरांहून जाड. या बाकाचा परिणाम असा की सारख्या दिसणाऱ्या शिळांपैकी प्रत्येकीचे माप वेगळे. या खटाटोपाचा खर्च कोठून आला, हे सांगताना अथेन्सचे भक्त जरा अडखळतात. इराणपासून संरक्षण व्हावे म्हणून मित्रराज्यांनी दिलेली वर्गणी हळूहळू खंडणी बनली होती, आणि तिचा खजिना इ. स. पू. ४५४ मध्ये डेलॉसहून अथेन्सला हलविण्यात आला होता.

शेजारच्या एरेक्थिऑन मंदिराचे तर दफ्तरच शिळालेखांच्या रूपाने उरले आहे. स्तंभांना पन्हळी पाडणाऱ्या नागरिकाला, परदेशी रहिवाशाला आणि गुलामाला एकाच कामाची मजुरी सारखी दिलेली त्यात आढळते (गुलामाची मजुरी बहुधा धन्याच्या घरी जाई, ही गोष्ट निराळी), आणि शिल्पपट्टातील एका मनुष्याकृतीस साठ द्राख्मा असा दर दिसतो. प्रतिभेचा मोबदला नगावर आकारणाऱ्या या समाजाला कलावंत व कारागीर यांच्यात अंतर करण्याची निकड भासली नसावी.

मूर्तिकलेतही हाच क्रम. एक पाय पुढे टाकून, हात मांड्यांशी टेकवून, दोन्ही पायांवर समभार उभा असलेला नग्न तरुण शतकाहून अधिक काळ शिल्पकार घडवीत राहिले, आणि इ. स. पू. ४८० च्या सुमारास ‘क्रिटियसचा कुमार’ या मूर्तीत त्याने भार एका पायावर घेतला. कटी कलली आणि दगडात श्वास आला. पुढील काळातील पेर्गामोनच्या वेदीवरील देव-दैत्यांच्या झुंजीत कौशल्य अफाट असले तरी स्नायूंच्या त्या गलबल्यात हा संयम हरवलेला आहे, असे माझे मत आहे.

एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. अंतर्भागाची कल्पना ग्रीकांना फारशी स्फुरली नाही. वेदी बाहेर, समाज बाहेर, आणि आत मूर्ती व मौल्यवान वस्तू. कमान ठाऊक असूनही मंदिरात तिला त्यांनी थारा दिला नाही. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही स्तंभ यवन (मूळ अर्थाने ग्रीक) म्हणविणाऱ्यांनी दान दिल्याचे त्यांवरील लेख सांगतात, आणि तेथे तर डोंगराच्या पोटातील अंतर्भाग हेच वास्तूचे सर्वस्व आहे.

१६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने तुर्कांचे दारूकोठार पेटून पार्थेनॉन मधोमध फुटले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बालानोस या अभियंत्याने उत्तरेकडील स्तंभ पुन्हा उभे केले, तेव्हा शिळा एकमेकींच्या जागी चालतील असे धरून त्याने कित्येक शिळा भलत्या ठिकाणी बसविल्या. शिवाय प्राचीन पाथरवट शिळा सांधणाऱ्या लोखंडी पट्ट्यांवर शिसे ओतीत, ती दक्षता त्याने न घेतल्यामुळे पट्ट्या गंजून संगमरवर तडकला. १९७५ साली नेमलेल्या तज्ज्ञमंडळाला त्याचे काम उलगडून, प्रत्येक शिळेची कड व खोबण तपासून तिची मूळ जागा शोधावी लागली. मूळ मंदिर पंधरा वर्षांत पुरे झाले होते. त्याची ही जुळवणी चाळीस वर्षे उलटली तरी संपली नव्हती.